एकशे साठ अक्षरांचे पत्र

ऑगस्ट २००४मधली मंगळवारची रात्र. बेंगळुरूच्या पूर्व टोकाला, के. आर. पुरमच्या एका भाड्याच्या घरात जेवणे आटोपली होती. टेबलावरचा मोबाइल दोनदा वाजला. घड्याळात दहा वीस झाले होते. आप्पांनी चष्मा नाकावर घेतला आणि नेहमीप्रमाणे मोठ्याने वाचायला सुरुवात केली. स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभ्या राहिलेल्या त्यांच्या पत्नीही नेहमीप्रमाणेच ऐकू लागल्या.

"पोट दुखत होते. डॉक्टर म्हणतात पित्ताशयात खडे. ऑपरेशन शुक्रवारी. घाबरू नका, दुर्बिणीतून करतात. दुसऱ्या दिवशी घरी. पण..."

पुढे काही नव्हते. आप्पांनी बटण दाबून पाहिले, पुन्हा दाबले. पडद्यावर तेच शब्द खालीवर सरकले. मुलगी अमेरिकेत, मिशिगनमध्ये. शुक्रवारला अडीच दिवस. आणि पत्र 'पण'वर तुटलेले.

हे पत्र म्हणजे खरे तर ई-मेल होता. मुलीने तिच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरून, जेवणाच्या सुट्टीत लिहिलेला. आणि तो आला होता नोकियाच्या ११०० या साध्यासुध्या फोनवर, ज्यावर इंटरनेट नव्हते, रंगीत पडदा नव्हता, कॅमेरा तर नव्हताच. २००३मध्ये बाजारात आलेल्या या फोनचे सर्वांत मोठे आकर्षण म्हणजे त्याच्या डोक्यावरची बॅटरी. वीज गेली की एक बटण दाबायचे आणि फ्यूज शोधायचा. जगभरात हा फोन पंचवीस कोटींच्या घरात खपला. त्यात या बॅटरीचा वाटा मोठा असणार!

मग अशा फोनवर ई-मेल यायचा कसा? ती करामत शेजारच्या रेड्डींच्या नव्हे, म्हणजे आडनाव काहीही असो, शेजारच्या तेलुगू कुटुंबातल्या मुलाची. तो व्हाइटफील्डला एका सॉफ्टवेअर कंपनीत कामाला जात असे. एका रविवारी त्याने सांगितले, "अंकल, तुमच्या मोबाइल नंबरलाच ई-मेलचा पत्ता असतो." त्या काळी अनेक मोबाइल कंपन्यांनी अशी सोय ठेवली होती. आधी आपला नंबर, मग ते शेपटीवाले 'अॅट'चे चिन्ह, मग कंपनीचे ठरवून दिलेले नाव. या पत्त्यावर कुणी ई-मेल धाडला की कंपनीचे यंत्र त्यातला मजकूर उचलायचे, त्याचा एसएमएस करायचे आणि फोनवर टाकायचे. पाठवणाऱ्याला वेगळे काही करावे लागत नसे आणि घेणाऱ्याला इंटरनेट लागत नसे.

फक्त एक मेख होती. एसएमएसमध्ये मावतात १६० अक्षरे. ही संख्या आकाशातून पडलेली नाही. १९८०च्या दशकात युरोपात मोबाइलचे नियम ठरत होते, तेव्हा फ्रीडहेल्म हिलेब्रांड नावाच्या जर्मन अभियंत्याने टाइपरायटरवर मनाला येतील ती वाक्ये लिहून अक्षरे मोजली आणि असा निष्कर्ष काढला की माणसाला सांगायचे असते ते बहुधा १६०मध्ये मावते. पोस्टकार्डावरचा मजकूरही साधारण तेवढाच भरतो, असे त्याला आढळले होते. जर्मन पोस्टकार्डे तशी असतीलही. मराठी आईबापांनी पोस्टकार्डाच्या समासात, पत्त्याच्या बाजूला, अगदी तिकिटाच्या कडेपर्यंत आडवे-उभे लिहिलेले त्याने पाहिले नव्हते.

त्यातही ई-मेल आला की पाठवणाऱ्याचा पत्ता आधी छापला जायचा. विषय लिहिला तर तोही. मुलीने आपला विषयाचा रकाना कोरा ठेवायला सुरुवात केली, तरी मजकुराला उरायची सव्वाशे-दीडशे अक्षरे. बाकीचे यंत्र कापून टाकी. कुठे कापावे याची त्याला समज नव्हती. वाक्य संपो न संपो, शब्द तुटो.

आणि मराठीचे तर आणखीच अवघड. एसएमएसची जागा मुळात १४० बाइटची. रोमन अक्षरे आखडून बसवली की त्यात १६० बसतात. देवनागरीला मात्र प्रत्येक चिन्हासाठी दुप्पट जागा लागते, म्हणून देवनागरी एसएमएसमध्ये मावतात फक्त ७० चिन्हे. काना वेगळा मोजायचा, वेलांटी वेगळी, पाय मोडला तर तोही वेगळा. 'माझ्या' हा एवढासा शब्द सहा चिन्हे खाऊन जातो. म्हणून, आणि मुलीच्या ऑफिसात मराठी टाइप करण्याची सोयही नसल्यामुळे, सारा पत्रव्यवहार इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत चाले. त्यातून गमती होत. एकदा निरोप आला तो आप्पांनी वाचला, "काल वाडा केला. सगळ्यांना आवडला." आई म्हणाल्या, "अहो, एका दिवसात वाडा कसा करील? वडा असेल." वडाच होता, बटाट्याचा.

त्या मंगळवारच्या रात्री मात्र गंमत सुचायची वेळ नव्हती. तरी आईंनी विचारलेच, "पण'च आहे ना? 'पान' नाही?" इंग्रजी अक्षरांत दोन्ही सारखेच. आप्पांनी पुन्हा पाहिले. 'दुसऱ्या दिवशी घरी. पान' याला काही अर्थ नव्हता. तो 'पण'च होता.

आता 'पण'च्या पुढे काय काय येऊ शकते? पण खर्च फार आहे. पण डॉक्टरांना आणखी कसलीतरी शंका आहे. पण इथे माझ्याजवळ कुणी नाही. आप्पांच्या मनात एकामागून एक वाक्ये जुळत गेली आणि प्रत्येक नवे वाक्य आधीच्याहून वाईट.

आप्पांचे सारे आयुष्य टेलिफोनमध्ये गेले होते, हे इथे सांगायला हवे. मिरजेहून ते १९६६मध्ये इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजमध्ये, म्हणजे आयटीआयमध्ये नोकरीला आले. १९४८मध्ये उभा राहिलेला हा कारखाना स्वतंत्र भारतातला पहिला सरकारी उद्योग मानला जातो. के. आर. पुरम स्टेशनाला लागून असलेल्या त्याच्या वसाहतीचे नावच दूरवाणीनगर. कानडीत टेलिफोनला दूरवाणी म्हणतात. मराठीत आपण दूरध्वनी म्हणतो. ध्वनी कशाचाही असतो, भांडे पडल्याचासुद्धा. वाणी माणसाचीच असते. या एका शब्दात कानडीने मराठीवर मात केली आहे, असे आप्पा मिरजेच्या भावांना मुद्दाम ऐकवत.

त्यांचे काम टेलिफोन एक्स्चेंजच्या रिलेचे. दोन धातूच्या पट्ट्यांमधले अंतर बारीक मोजपट्टीने तपासायचे आणि केसभर इकडेतिकडे करायचे. ते अंतर चुकले तर बोलणे तुटायचे. देशभरातल्या लोकांचे बोलणे तुटू नये म्हणून छत्तीस वर्षे राबलेल्या या माणसाच्या घरी स्वतःचा फोन यायला बरीच वर्षे जावी लागली. रांग सर्वांना होती, कारखान्यातल्या कामगारालाही. २००२मध्ये ते निवृत्त झाले, वसाहतीतले क्वार्टर सोडले आणि जवळच दोन खोल्या भाड्याने घेतल्या. मिरजेला परतायचे पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी असे करत राहून गेले.

तेव्हा बोलणे तुटणे म्हणजे काय, हे आप्पांना कुणी शिकवायला नको होते. पण त्यांच्या काळात तुटले तर कुठे तुटले ते शोधता येत असे. दिवा लावून, पट्टी लावून. या १६० अक्षरांच्या कडेवर पट्टी कुठे लावणार?

घरात लँडलाइन होती. तिची आयएसडीची सोय बिलाच्या धास्तीने बंद करून ठेवलेली. मोबाइल प्रीपेड, त्यात शिल्लक बेताची. १ मे २००३पासून येणाऱ्या कॉलचे पैसे पडेनासे झाले, तेव्हा कुठे त्यांनी मोबाइल घेतला होता आणि तो घेण्यासाठीच वापरायचा हे घरात ठरलेले होते. मुलगी दर रविवारी सकाळी कॉलिंग कार्डावरून फोन करी. एरवी ई-मेल. कोपऱ्यावरचा एसटीडी बूथ दहाला बंद होई. आप्पा चप्पल घालून तिथवर जाऊन आलेही. शटर खाली होते.

अशा निरोपांची धास्ती या पिढीला नवी नव्हती. त्यांचे तारुण्य तारांच्या काळातले. दारात तारवाला दिसला की तार उघडण्याआधीच बायका रडायला लागत. तारेला शब्दामागे पैसे पडत, म्हणून 'आजारी', 'ताबडतोब निघा' यापलीकडे कुणी जात नसे. पण तार कापलेली नसे. पाठवणाऱ्याने जेवढे लिहिले तेवढे घरी पोचे. तारेत वाईट बातमी असे, अर्धी बातमी नसे.

आप्पा त्या रात्री झोपले नाहीत. एरवी बॅटरी वाचवण्यासाठी रात्री बंद होणारा फोन उशाशी चालू राहिला. खरे तर बंद ठेवला असता तरी बिघडले नसते. फोन बंद असला तर एसएमएस कंपनीच्या केंद्रात वाट पाहत थांबतो आणि फोन सुरू होताच पोचतो. आप्पांना हे ठाऊक होते. तरीही फोन चालू राहिला. आई मात्र भिंतीकडे तोंड करून शांत पडून होत्या. झोपल्या आहेत असे समजून आप्पा दोनदा उठून अंधारात बॅटरीच्या उजेडात तो निरोप पुन्हा वाचून आले.

सकाळी आठला बूथ उघडताच त्यांनी मिशिगनला फोन लावला. तिथे रात्रीचे साडेदहा. चार घंटा झाल्या आणि मुलीचा आवाज आला. आप्पांनी हाक मारली, पण ती थांबेना. ती इंग्रजीतच बोलत राहिली, आपण आत्ता फोनपाशी नाही, निरोप ठेवा, असे. यंत्रात भरून ठेवलेला आवाज. मग एक टूं. यंत्रापुढे काय बोलावे हे न सुचून आप्पांनी फोन ठेवला. बूथवाल्याने पैसे घेतलेच. बोलणे झाले नसले तरी मीटर पडला होता.

मग सायबर कॅफे. तो दहाला उघडायचा. आप्पांच्या नावाने मुलीने एक फुकटचा ई-मेल पत्ता काढून दिला होता आणि ती प्रत्येक पत्र तिथेही धाडत असे. फुकटच्या ई-मेलची ही कल्पना १९९६मध्ये हॉटमेलच्या रूपाने जगापुढे आणणाऱ्या दोघांपैकी एक, सबीर भाटिया, बेंगळुरूतच शाळा शिकलेला. शहराला याचा अभिमान होता. आप्पांना मात्र सायबर कॅफेत जाणे नको वाटे. तिथले पडदे जाण्या-येण्याच्या वाटेकडे तोंड करून. मागे आपला नंबर लागण्याची वाट पाहत पोरे उभी. माउस हाताळायला कॅफेतला मुलगा शेजारी बसे आणि पत्र उघडले की तोही वाचू लागे. मराठी त्याला येत नव्हते, पण अक्षरे इंग्रजी असल्याने 'डॉक्टर', 'ऑपरेशन' हे शब्द त्याला कळणारच होते. पूर्वी खेड्यात पोस्टमन पत्र वाचून दाखवी, त्यालाही घरचे सारे कळे. पण पोस्टमन गावचा माणूस होता. तो नंतर कधी ना कधी विचारपूस करी. हा मुलगा कोण?

त्या लहानशा काळ्यापांढऱ्या फोनची किंमत इथे होती. सव्वाशे अक्षरे का होईनात, ती आप्पांच्या स्वतःच्या हातात, स्वतःच्या घरात उमटत. शेजारी कुणी बसत नसे.

कॅफेत पत्र उघडले. चांगले पाऊणपान होते. फोनवर आलेल्या ओळीच आधी होत्या आणि मग पुढचे वाक्य,

"पण आईला एवढ्यात सांगू नका. तिचे बीपी वाढेल, रात्रभर जागेल. ऑपरेशन झाले की मीच फोन करून सांगेन."

त्याखाली नवऱ्याने रजा घेतल्याचे, विम्यात खर्च बसत असल्याचे, शेजारणीने जेवणाचे डबे द्यायचे ठरवल्याचे सगळे तपशीलवार लिहिले होते. काळजी करण्यासारखे एकही अक्षर नव्हते. आप्पांनी ते दोनदा वाचले, पाच रुपये देऊन छापून घेतले आणि घडी करून खिशात ठेवले. रात्रभर जिवाला लागलेला घोर उतरला होता आणि त्याच्या जागी दुसराच प्रश्न उभा राहिला होता. जिला सांगायचे नव्हते, तिलाच तर काल मोठ्याने वाचून दाखवले!

घरी आई तांदूळ निवडत बसल्या होत्या. आप्पांनी चपला काढल्या, पाणी प्यायले, पंखा लावला, मग बंद केला.

"काही नाही," ते म्हणाले, "पण'च्या पुढे विशेष काही नव्हतं. जावईबापूंनी रजा घेतलीय, एवढंच."

"आईला सांगू नका, असं होतं ना?" आईंनी मान वर न करता विचारले.

आप्पांना खोटे बोलता येत नसे. त्यांनी खिशातला कागद काढून पुढे केला.

"मला कालच कळलं होतं," आई म्हणाल्या. "माझी आई आजारी होती तेव्हा मीही दादाला अशीच पत्रं लिहायची. शेवटी 'पण' यायचाच. तुम्ही जागे होतात म्हणून मी झोपल्यासारखी पडले. दोघांनी जागून काय होणार होतं?"

शुक्रवारी ऑपरेशन झाले. शनिवारी मुलगी घरी आली आणि तिने फोन केला. अगदी हळूहळू, धीर देत तिने आईला बातमी सांगायला घेतली. आईंनी सगळे ऐकून घेतले, "अगं बाई!" असेही योग्य जागी म्हणाल्या. आप्पा शेजारी उभे राहून खिडकीबाहेर पाहत होते. मुलीला खरा प्रकार कळला तो पुढच्या वर्षी ती भारतात आली तेव्हा, आणि तोही एका वहीमुळे.

त्या वहीचे असे झाले. साध्या फोनमध्ये निरोप साठवायला जागा मोजकीच. ती भरली की पडद्यावरचा लिफाफा लुकलुकू लागे आणि जुना निरोप पुसल्याशिवाय नवा आत येत नसे. मुलीचे पत्र पुसायचे कसे? म्हणून आप्पांनी आयटीआयची एक जुनी डायरी काढली आणि प्रत्येक निरोप पुसण्याआधी तारीख-वेळेसह त्यात उतरवून ठेवायला सुरुवात केली. इंग्रजी अक्षरांतले मराठी ते डायरीत देवनागरीत उतरवत. वाडा खोडून वडा केलेला तिथे दिसे. आणि जिथे शब्द तुटला असेल तिथे तो तसाच तुटका. कारखान्यातली सवय, जे हातात आले त्याचीच नोंद करायची.

मुलीने ती डायरी चाळली. १० ऑगस्ट, रात्री १०.२०. शेवटचा शब्द 'पण'. तिने काही वेळ तो पाहिला. मग बापाकडे, मग आईकडे.

"म्हणजे आई, तू फोनवर..."

"मग काय करणार? तू एवढ्या निगुतीनं सांगत होतीस."

त्या दिवशी जेवणानंतर तिघांनी बसून नियम ठरवला. महत्त्वाचे असेल ते पहिल्या ओळीत. सांगू नये ते लिहूच नये. आणि पत्र संपले की शेवटी 'बस' असा शब्द घालायचा. 'बस' दिसला की समजायचे, पत्र पुरे आले. नाही दिसला तर सकाळी कॅफे. एवढा साधा उपाय त्या यंत्राच्या कुणा कर्त्याला सुचला नव्हता. निदान मजकूर कापला आहे एवढे सांगणारी चार टिंबे तरी द्यायला काय हरकत होती?

त्यानंतर तंत्रज्ञान झपाट्याने पुढे गेले. जीमेलने १ एप्रिल २००४ला एक जीबी जागा देऊन सुरुवात केली होतीच. नोव्हेंबर २००६मध्ये तिने साध्या बटणांच्या फोनवर चालणारा छोटा प्रोग्रॅम काढला. २००८च्या अखेरीस नोकियाने ज्यांनी कधी कॉम्प्युटरला हात लावलेला नाही, त्यांना फोनवरूनच ई-मेलचा पत्ता काढता यावा अशी सोय केली. एसएमएसवर ई-मेल ही जुनी युक्तीही पुरती मेली नव्हती. २०१२मध्ये गुगलने घाना, केनिया आणि नायजेरिया या देशांत तीच नव्याने आणली. भारतात मात्र तोवर रोख स्वस्त इंटरनेटकडे वळला होता. तारा बंद झाल्या जुलै २०१३मध्ये.

आप्पांकडे नवा फोन आला २००९मध्ये, पुतण्याने दिलेला. बटणांचाच, पण रंगीत आणि इंटरनेटचा. त्यावर मुलीचे पहिले अख्खे पत्र उघडले तेव्हा ते संपेचना. आप्पा बटण दाबत राहिले, ओळी वर सरकत राहिल्या. नातवाची शाळा, बर्फ, गाडीचा हप्ता, नव्या कुकरची शिट्टी. मोठ्याने वाचता वाचता त्यांना मध्ये पाणी प्यावे लागले.

आई दारातच उभ्या होत्या, हात पुसत.

"बस आलं का?" त्यांनी विचारले.

आता त्याची गरज नव्हती. कुणी कुठे काही कापत नव्हते. तरी आप्पांनी बटण दाबत दाबत पत्राचे टोक गाठले. शेवटच्या ओळीखाली एक ओळ मोकळी सोडून मुलीने लिहिले होते, 'बस'.

"आलं," आप्पा म्हणाले, आणि आई आत गेल्या.